पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपचे ॲडमिनपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पक्षीनिरीक्षणाचे ग्रुप चालवणाऱ्यांसाठी आणि नव्याने ॲडमिन झालेल्यांसाठी आहे. तालुक्याचा ग्रुप असो, सोसायटीतल्या दहा-बारा जणांचा असो की हजार सदस्यांचा जिल्हा ग्रुप, अडचणी बहुतेक त्याच येतात. साप, फुलपाखरे, रानफुले यांच्या ग्रुपनाही यातले बरेच लागू पडेल.

छंदाचाच तर ग्रुप आहे. एवढे नियम कशाला?

कारण या छंदात एका मेसेजने जीव जाऊ शकतो. कोकणातल्या तिबोटी खंड्याचे उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा काळ. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कडेत तो बोगद्यासारखे बीळ खोदतो आणि नर-मादी दोघेही पिल्लांना भरवतात. ग्रुपवर शनिवारी त्या ओढ्याचे लोकेशन पडले की रविवारी सकाळी बिळासमोर सात-आठ ट्रायपॉड उभे राहतात. मग पालक चोचीत पाल किंवा छोटा बेडूक धरून समोरच्या फांदीवर नुसता बसून राहतो. माणसे हलत नाहीत, म्हणून तो बिळात जात नाही. तासभर हेच चालते आणि आत पिल्ले उपाशी राहतात. फोटोत मात्र हा पक्षी फारच सुंदर दिसतो. चोचीत भक्ष्य आहे, पार्श्वभूमी हिरवी आहे, म्हणून त्याला सगळ्यात जास्त शाबासकी मिळते.

पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपचे नियम इथून सुरू व्हायला हवेत. आपल्या छंदातून कोणाचे नुकसान होऊ शकते, हा प्रश्न आधी सोडवा. गुड मॉर्निंगचे गुलाब त्रासदायक असतात, पण त्यांनी कोणाचे घरटे मोडत नाही. अनेक ग्रुपांत गुलाबावर तीन नियम असतात आणि घरट्यावर एकही नसतो.

नियम किती असावेत? नमुना मिळेल का?

सातपेक्षा जास्त नकोत, आणि मोबाइलच्या एका पडद्यावर मावायला हवेत. त्यापुढे कोणी वाचत नाही. हा नमुना जसाच्या तसा वापरायला हरकत नाही:

१. घरटे, अंडी, पिल्ले आणि घरट्यापाशी असलेले पालक यांचे फोटो, व्हिडिओ टाकू नयेत.
२. ठिकाण सांगताना फक्त तालुका सांगावा. लाइव्ह लोकेशन, नकाशाची पिन नको. घुबडे आणि दुर्मीळ पक्ष्यांचा तालुकाही नको.
३. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून (प्लेबॅक), आमिष टाकून किंवा पक्षी उडवून काढलेला फोटो टाकू नये.
४. ओळख विचारताना तारीख, तालुका, अधिवास आणि पक्षी काय करत होता ते लिहावे.
५. फोटो स्वतःचा असावा. दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी आणि नाव हवे.
६. पक्षी आणि निसर्ग सोडून इतर फॉरवर्ड, राजकारण, धर्म, जाहिरात नको.
७. सदस्याचा नंबर ग्रुपवरून घेऊन त्याला विचारल्याशिवाय खासगी मेसेज करू नये.

हे नियम ग्रुपच्या वर्णनात ठेवा, शिवाय पिनही करा. व्हॉट्सॲपवर पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो. ३० दिवसांचा पर्याय निवडा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा पिन करा. पिन निघून गेला आणि कोणाच्या लक्षातच आले नाही, असे फार वेळा होते. मग नियम मोडणारा म्हणतो, "मला कुठे दिसला नियम?" आणि त्याचे म्हणणे खरे असते.

"कृपया", "शक्यतो", "सहसा" असे सौम्य शब्द वापरावेत का?

नियमात नकोत. "शक्यतो घरट्याचे फोटो टाळावेत" असे लिहिले की प्रत्येकाला आपला फोटो अपवाद वाटतो. नियम स्पष्ट ठेवा. सौम्यपणा नियम मोडणाऱ्याशी बोलताना दाखवा, तिथे त्याची खरी गरज असते.

लोकेशन लपवणे म्हणजे ज्ञान लपवणे नाही का?

हा प्रश्न नवे सदस्य मनापासून विचारतात, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्या. नोंद लपवायची नाही, फक्त ती योग्य जागी करायची. ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या दोन्ही संकेतस्थळांवर संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सर्वसामान्यांना दिसत नाही, पण संशोधनासाठी नोंद जपली जाते. सदस्याला सांगा की यादी तिकडे भरा आणि इथे फोटो, तारीख टाका, आणि नियम २ मध्ये चालत असेल तरच तालुका.

रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४ नंतर ११३ वर्षे या घुबडाची खात्रीलायक नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. असा पक्षी दिसल्यावर सांगावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही त्याची ढोली कोणत्या झाडात आहे हे हजार माणसांना कळण्याची गरज नाही.

जागा फुटण्याच्या वाटा नकाशाच्या पिनपुरत्या नसतात. ॲडमिनने चार गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात:

पहिली, फोटोची फाइल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. तोच फोटो चांगल्या प्रतीसाठी डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मोबाइलने नोंदवलेले अक्षांश-रेखांश तसेच राहू शकतात. म्हणून डॉक्युमेंट म्हणून आलेला दुर्मीळ पक्ष्याचा फोटो आधी हटवा, मग बोला.

दुसरी, पार्श्वभूमी. देवळाचा कळस, टॉवर, पवनचक्की, धरणाची भिंत, मैलाचा दगड. स्थानिक माणसाला एवढे पुरते.

तिसरी, प्रतिक्रिया. मूळ पोस्ट नीट असते आणि खाली कोणीतरी उत्साहाने लिहितो, "अरे, हा आपल्या पाझर तलावामागचा ना?" असे उत्तरही नियम २ नुसार हटवायचे.

चौथी, सामूहिक रातथारा. भोवत्यांसारखे शिकारी पक्षी हिवाळ्यात माळरानावर एकत्र रात्र काढतात. ते घरटे नसते, म्हणून नियमातून निसटते. दुसऱ्या नियमाच्या "दुर्मीळ" या शब्दात रातथारा धरला आहे, हे सदस्यांना एकदा समजावून सांगा.

कोणी घरट्याचा फोटो टाकलाच तर नेमके काय करायचे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोटो काढून टाका. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ॲडमिन इतरांचा मेसेज सर्वांसाठी हटवू शकतो. "ॲडमिनने हटवला" अशी ओळ तिथे नावासह राहते, त्यामुळे कोणी हटवला हे सगळ्यांना कळते. ते चांगलेच आहे. मग पाच मिनिटांच्या आत त्या सदस्याला खासगीत लिहा. हे मधले अंतर वाढले की राग वाढतो.

मेसेज असा असू द्या: "नमस्कार काका, नवरंगाच्या घरट्याचा तुमचा फोटो मी आत्ता ग्रुपवरून काढला. नियम १ सगळ्यांसाठी आहे. फोटो छान होता, त्यात शंका नाही. एक विचारायचे होते, घरट्यासमोरची पाने बाजूला केली होती का? केली असतील तर कावळ्यांना घरटे दिसते आणि उन्हाचा तापही लागतो. आता पुन्हा तिथे जाऊ नका, तेच बरे. घरट्यापासून दूर असलेल्या नवरंगाचा फोटो असेल तर जरूर टाका."

यात चार गोष्टी आल्या: काय केले, कोणत्या नियमाने केले, घरट्याचे नुकसान कसे होते, आणि पुढे काय टाकता येईल. चौथी गोष्ट विसरू नका. फक्त "काढला" एवढेच सांगितलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा काही टाकत नाही.

ग्रुपवर सर्वांसमोर फक्त एक ओळ: "नियम १ नुसार एक फोटो काढला आहे." नाव नको, उपदेश नको. त्याखाली इतर सदस्य झोडपायला लागले तर त्यांचेही मेसेज काढा.

कोणी वाद घातलाच तर कायदाही माहीत असू द्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणेही येते. धमकी म्हणून ती वापरू नका. पण आपला नियम कोणा ॲडमिनच्या लहरीतून आलेला नाही, हे समजायला ती उपयोगी पडते.

"आयडी प्लीज" (पक्ष्याची ओळख सांगा) म्हणून धूसर फोटो टाकणाऱ्यांचे काय करावे?

त्यांना सांभाळा, कारण ग्रुपचे उद्याचे जाणकार यांच्यातूनच येतात. फोटो धूसर आहे म्हणून हटवू नका. माहिती अपुरी असेल तर मागा: कुठला तालुका, कधी, शेत की झाड की पाणी, चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, एकटा की थव्यात, आवाज कसा.

उत्तर देणाऱ्यांसाठी एकच नियम पुरे: नाव सांगाल तर कारणही सांगा. शिक्रा हा शिकारी पक्षी आणि पावशा हा कोकिळेच्या कुळातला, तरी त्यांचा गोंधळ दर उन्हाळ्यात होतो. दोघेही वरून राखाडी, दोघांच्याही छातीवर तांबूस छटा, शेपटीवर पट्टे, आणि पावशा उडतोही शिक्र्यासारखाच. कोणी नुसते "पावशा" असे लिहिले तर विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "पावशा. चोच बघा, शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वाकलेली असते, ही तशी नाही. डोळ्याभोवती पिवळे कडे आहे. फांदीवरचे बोट दिसत असेल तर दोन पुढे, दोन मागे असतील. 'पेरते व्हा' ऐकू आले होते का?" एवढ्यात माणूस पुढच्या वेळी स्वतः ओळखतो.

पक्षी ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेले नाव पुरावा म्हणून चालणार नाही, हेही सांगून ठेवा. ते नाव ॲप त्याच धूसर फोटोवरून सुचवत असते. वटवटे आणि तीरचिमण्या या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांत तर "फोटोवरून प्रजाती सांगता येत नाही" हे अतिशय चांगले आणि प्रामाणिक उत्तर आहे. ते देणाऱ्याला ॲडमिनने उघड पाठिंबा द्यावा.

मराठी नावांवरून भांडणे होतात. कोणते नाव बरोबर मानावे?

भारद्वाज, कुंभारकावळा, कुक्कुडकोंबा, सोनकावळा ही एकाच पक्ष्याची नावे आहेत आणि सगळी बरोबर आहेत. गावचे नाव सांगणाऱ्याला "हे चुकीचे आहे" असे म्हणण्याला ग्रुपवर बंदी असावी, इतका हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गुराख्याने, मासेमाराने सांगितलेले नाव एकदा हसण्यावारी गेले की तो माणूस पुन्हा बोलत नाही, आणि त्याच्याबरोबर पन्नास वर्षांचे निरीक्षण गप्प होते. नोंदीसाठी प्रमाण नाव पुढे जोडा, बस्स. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांनाही टोकू नका.

गुड मॉर्निंग, वाढदिवस, श्रद्धांजली, फॉरवर्ड यांना आवर कसा घालावा?

गुड मॉर्निंग आणि फॉरवर्डसाठी नियम ६ आहे. हटवा आणि पुढे चला, दर वेळी खुलासा करू नका.

श्रद्धांजलीचा प्रश्न नाजूक आहे. सदस्याचे किंवा पक्षिशास्त्रातल्या कोणा मोठ्या माणसाचे निधन झाले की चाळीस वेळा तेच शब्द येतात आणि त्या दिवशी आलेला जखमी पक्ष्याचा प्रश्न त्याखाली गाडला जातो. ॲडमिनने स्वतः एक नीट मजकूर टाकावा, त्या व्यक्तीचे काम त्यात लिहावे आणि "याच मेसेजवर हात जोडल्याची खूण करावी" असे सांगावे. लोक ऐकतात. आठवण लिहायची असेल तर तिला आडकाठी नको.

निवडणुकीच्या काळात एक वेगळी काळजी घ्या. "आमच्या उमेदवाराने पाणवठे बांधले" अशा वेशातला प्रचार येतो. पाणवठ्याचा फोटो राहू द्या, उमेदवाराचा नको.

जखमी पक्षी किंवा खाली पडलेले पिल्लू सापडल्याचा मेसेज आला, आणि तीस जण तीस सल्ले देतात. काय करावे?

इथे चर्चा थांबवणे हेच ॲडमिनचे काम. ठरलेला मजकूर मोबाइलमध्ये तयार ठेवा आणि लगेच टाका:

"पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू असेल तर ते उडायला शिकत आहे. कुत्र्या-मांजरापासून दूर, जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब व्हा. पालक जवळच असतात. पंख न फुटलेले असेल आणि घरटे दिसत असेल तर परत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून पालक टाकून देत नाहीत. जखमी असेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध देऊ नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६."

मग फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग वीस-तीस मिनिटे लावा आणि फोन करून त्या सदस्याच्या मदतीला एक माणूस जोडून द्या. सेटिंग काढायला विसरू नका. रात्री लावलेली सेटिंग सकाळपर्यंत राहिली तर दुसरा कोणी मदत मागूच शकत नाही.

सापांच्या ग्रुपवर हा नियम आणखी कडक हवा. दंशाचा मेसेज आला की "फोटो पाठवा, कोणता साप ते सांगतो" हे उत्तर काढून टाका. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठायचे, ओळखीसाठी थांबायचे नाही. रानभाज्यांच्या ग्रुपवरही तेच: "ही खाता येते का?" याला फोटोवरून कोणीही हो म्हणायचे नाही.

नियम वारंवार मोडणाऱ्याला कसे हाताळावे?

पायऱ्या ठरवा आणि त्या सगळ्यांना सारख्याच लावा. पहिल्या वेळी मेसेज काढणे आणि खासगीत समजावणे. दुसऱ्या वेळी नियमाचा क्रमांक सांगून लेखी ताकीद. तिसऱ्या वेळी पंधरा दिवस बाहेर. त्यानंतर परत घेताना दोन ॲडमिनची संमती. शिवीगाळ, महिलांना त्रास, वन्य पक्ष्यांची खरेदी-विक्री यांना पायऱ्या नाहीत, तिथे थेट बाहेर.

हे करताना साधनाची मर्यादा आड येते. व्हॉट्सॲपवर एकाच सदस्याला काही दिवस गप्प करण्याची सोय नाही. एक तर सगळ्यांना बंद करा किंवा त्याला काढा. म्हणून पंधरा दिवस बाहेर काढताना परत घेण्याची तारीख त्याला आधी कळवा आणि त्या दिवशी न विसरता आमंत्रण पाठवा. ती तारीख चुकवली की पुढच्या शिक्षेला कोणी किंमत देत नाही. टेलिग्रामवर एकेका सदस्यावर ठरावीक मुदतीचे बंधन घालता येते. शिवाय तिथली स्लो मोड ही सोय भांडण पेटल्यावर फार कामाची आहे. दोन मेसेजमध्ये १० सेकंदांपासून १ तासापर्यंत अंतर ठेवता येते. पाच मिनिटे ठेवून बघा, तेवढ्यात भांडणाऱ्यांचा जोर ओसरतो. फेसबुक ग्रुपवर पोस्ट आधी मंजुरीला थांबवता येतात, घरट्यांच्या हंगामात हा पर्याय चालू ठेवावा.

नोंद ठेवा. एक साधी वही किंवा ॲडमिनांचा वेगळा ग्रुप पुरतो. तारीख, नियम क्रमांक, काय केले, कोणी केले एवढेच लिहा. सहा महिन्यांनी "मलाच का?" असा प्रश्न येतो तेव्हा ही वही नसेल तर उत्तर देता येत नाही.

किती ॲडमिन असावेत? कोणाला करावे?

दोनशेपर्यंत सदस्यांना दोन, हजारापर्यंत चार-पाच. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा १,०२४ सदस्यांची आहे, पण चारशे-पाचशेच्या पुढे प्रश्न विचारणारे बुजतात. मोठा ग्रुप भूषणावह वाटतो, तरी तालुकावार फोडलेले ग्रुप अधिक जिवंत राहतात.

सर्वांत मोठा जाणकार हा उत्तम ॲडमिन असतोच असे नाही. संध्याकाळी फोन बघणारा, शांत डोक्याचा आणि टायपायला न कंटाळणारा माणूस हवा. निदान एक महिला ॲडमिन असावी. निदान एक जण असा असावा जो फोटोग्राफी करत नाही, कारण घरट्याच्या वादात त्याचे मन कशात अडकलेले नसते. सहली आयोजित करणारा ॲडमिन असेल तर जाहिरातींचे निर्णय त्याने घेऊ नयेत.

ॲडमिनने स्वतः नियम मोडला तर? दुसऱ्या ॲडमिनने हटवावे आणि तीच एक ओळ ग्रुपवर लिहावी. हे एकदा सर्वांसमोर घडले की पुढची दोन वर्षे नियमाबद्दल कोणी शंका घेत नाही.

आमचे ज्येष्ठ जाणकार नवख्यांना फटकारतात. त्यांना कसे सांगायचे?

फोन करून. मेसेजमध्ये ज्येष्ठांना आपला अपमान झाल्यासारखे वाटते, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. फोनवर त्यांच्या एखाद्या चांगल्या उत्तराचा उल्लेख करा, मग सांगा, "सर, परवा त्या मुलीने कोतवालाला कोकीळ म्हटले, तुम्ही 'आधी पुस्तक वाचा' लिहिले. ती त्यानंतर गप्प आहे. तुम्हीच तिला एकदा शेपटीतला फरक सांगाल का?" बहुतेक जण सांगतात. न सांगणाऱ्यांना पायऱ्या लागू होतात, मान कितीही मोठा असला तरी. याबाबतीत अनेक ग्रुप कच खातात आणि मग वर्षभरात तिथे प्रश्न येणेच बंद होते. प्रश्न नसलेला ग्रुप म्हणजे चार जणांचे प्रदर्शन.

महिला सदस्यांना खासगी मेसेज जातात. ॲडमिन काय करू शकतो?

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, हे ग्रुपमध्ये घेतानाच सांगा. तक्रार आली तर स्क्रीनशॉट मागा, पण पुरावा कमी म्हणून टाळाटाळ करू नका. त्याच दिवशी दोन ॲडमिनांनी निर्णय घ्यावा आणि दोषीला काढावे. तक्रार करणारीचे नाव कुठेही येऊ देऊ नका, "कोणी तक्रार केली?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जायचे की नाही हा निर्णय तिचा. तिने ठरवले तर ॲडमिनने सोबत असावे.

जुन्या लेन्स, दुर्बिणी, सहली यांच्या जाहिराती चालतील का?

नियम ६ ला अपवाद म्हणून महिन्यातला एक दिवस ठेवा, पहिला रविवार सोयीचा. किंमत, प्रत, शहर लिहिणे बंधनकारक. पैसे आधी पाठवू नका, वस्तू हातात घेऊन तपासा, हे दर वेळी वर लिहा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. सहलीच्या जाहिरातीत "घरट्यावरचे शॉट हमखास" किंवा "हमखास घुबड" असे लिहिलेले असेल तर ती नियम १ आणि ३ मध्येच बाद होते.

पिंजऱ्यातल्या रानपोपटाचा फोटो कौतुकाने आला तर हटवा आणि कारण सांगा: आपल्याकडचे वन्य पोपट पाळणे कायद्याने मना आहे. बहुतेकांना हे खरोखर माहीत नसते.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये यावर निकाल दिला. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा आशय आहे. तरी असा मजकूर दिसताच हटवा. न्यायालयात सुटका होणे आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या न कराव्या लागणे यात बराच फरक आहे.

पक्षी सप्ताहात एकदम नवे सदस्य येतात. तयारी काय करावी?

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा, म्हणून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. शाळांतून, वृत्तपत्रांतून लोक ग्रुपवर येतात. आमंत्रणाची लिंक आधी बदला, नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीने घेण्याची सेटिंग चालू करा आणि मंजुरीआधी तीन गोष्टी विचारा: गाव, या ग्रुपमध्ये कशासाठी यायचे आहे, नियम वाचले का. रोज पंधरा-वीसपेक्षा जास्त घेऊ नका. एकाच दिवशी शंभर आले तर ग्रुपची सवय त्यांना लागत नाही, त्यांची सवय ग्रुपला लागते. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षीगणनेच्या वेळीही हेच करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले फोटो कसे ओळखायचे?

बोटांची संख्या, पंखांच्या टोकांची रचना, चोचीचा सांधा आणि झाड कोणते आहे हे पाहा. कोकणातला पक्षी सूचिपर्णी झाडावर बसला असेल तर थांबा. आरोप करू नका. कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि त्याआधी-नंतरची एक-दोन छायाचित्रे मागा. खरा फोटोग्राफर ती आनंदाने देतो.

कडक ग्रुप चांगला की सैल?

ही चर्चा मोबाइलच्या आधीची आहे. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेत काही चर्चागटांत प्रत्येक संदेश संचालकाच्या हातून जाई, काहींत कोणीही काहीही लिही. नव्यांनी तेच ते विचारू नये म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न संकलित करण्याची पद्धतही तिथेच रुळली. १९९५ मध्ये जालावरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवजमालिकेत १८५५ या क्रमांकाने निघाली. मराठीत १९९६ पासून मायबोली या संकेतस्थळावर गप्पा रंगू लागल्या.

आमचे मत असे: पक्ष्याच्या बाबतीत कडक, माणसाच्या बाबतीत सैल. घरटे, लोकेशन, प्लेबॅक यांत तडजोड नको. चुकीची ओळख, अशुद्ध लेखन, तोच प्रश्न पाचव्यांदा येणे यांत भरपूर मोकळीक हवी. बिघडलेल्या ग्रुपांत बहुधा नेमके उलटे असते: घरट्याच्या फोटोला शंभर अंगठे आणि "हा कोणता पक्षी?" विचारणाऱ्याला टोमणा.

ग्रुप थंड पडला आहे. बंद करावा का?

आधी हंगाम बघा. एप्रिल-मेमध्ये बरेच स्थलांतरित पक्षी परतलेले असतात, तेव्हा शांतता असणारच. हिवाळ्यातही महिनाभर प्रश्न आला नाही तर आठवड्याला एक आवाजाची फाइल टाकून "कोण?" विचारा. तरीही हालचाल नसेल तर शेजारच्या तालुक्याच्या ग्रुपात मिसळा. बंद करण्याआधी महिनाभराची सूचना द्या, सदस्यांना आपापल्या जुन्या नोंदी ई-बर्डवर भरायला मदत करा आणि गावांकडून गोळा झालेली पक्ष्यांची नावे एका फाइलमध्ये उतरवून सर्वांना पाठवा.